उन्हातली परदेशवारी

देगलूरच्या माणसाला परदेशाचे फारसे अप्रूप नसते. आमचे मन मोठे आहे म्हणून नव्हे. परदेशच फार जवळ आहे म्हणून. पुण्या-मुंबईच्या माणसाला परदेशी जायचे तर पासपोर्ट लागतो, व्हिसा लागतो आणि शेजाऱ्यांना ते सांगत फिरायला निदान पंधरा दिवस लागतात. आम्हाला सायकलीत हवा भरली की पुरते. हैदराबादच्या रस्त्याला लागून तासभर पायडल मारा, मदनूर येते आणि दुकानांवरच्या पाट्या एकाएकी जिलबीसारख्या गोल अक्षरांत बोलू लागतात. औरादच्या बाजूला वळलात तरी अक्षरे गोलच, फक्त जिलबी दुसऱ्या हलवायाची. एक तेलुगू, दुसरी कानडी. आमच्या गावाच्या नावातला 'ऊर'सुद्धा त्याच बाजूचा. तेलुगू माणूस आदराने 'या' म्हणतो, तेव्हा तो जो शब्द वापरतो तो मराठी घरात उच्चारायची सोय नाही. एका सभ्य, गंधटिळा लावलेल्या गृहस्थाच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी अप्पांच्या मागे लपलो होतो. अप्पा मात्र हसत आत गेले आणि जेवून आले.

अशा या परदेशी आम्ही दर वर्षी जात असू आणि तेही ऐन मे महिन्यात. आता तुम्ही म्हणाल, शहाणी माणसे उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जातात. खरे आहे. पण थंड हवेच्या ठिकाणी आमची आत्या राहत नव्हती. ती बिचकुंद्याला राहत होती.

आत्याची गोष्ट सांगायची तर थोडा इतिहास सांगावा लागेल. घाबरू नका, परीक्षेला नाही. देगलूर तालुका तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आणि बिचकुंदा, जुक्कल हा सगळा मुलूख याच तालुक्यात. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, निजामी संपली, तरी तालुका होता तसाच राहिला. आजोबांना मुलगी एकच. 'लेक लांब द्यायची नाही' हा त्यांचा हेका. उदगीरचे एक चांगले स्थळ आले होते. पण उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात. 'दुसऱ्या जिल्ह्यात कोण देतो?' म्हणून त्यांनी ते परतवले आणि १९५५ साली आत्याला बिचकुंद्याला दिली. तालुक्यातल्या तालुक्यात! मनात आले की बघून यावे, इतक्या अंतरावर.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. भाषांप्रमाणे प्रांत पाडायचे ठरले आणि ती रेघ नेमकी आमच्या तालुक्यातून गेली. देगलूर मुंबई राज्यात आले. बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन सर्कले तालुक्यातून काढून आंध्र प्रदेशात गेली. आणि ज्या उदगीरला आजोबांनी लांब म्हणून नाकारले होते, ते आपले अलगद आमच्या राज्यात येऊन बसले. आजोबांनी त्यानंतर कुणाचेही लग्न जुळवले नाही. "सरकारचा नकाशा बघितल्याशिवाय कुंडली बघण्यात अर्थ नाही," असे ते म्हणत.

पुढे १९६० साली आमचा महाराष्ट्र झाला, २०१४ साली तिचे तेलंगण झाले. जिल्हा आधी नांदेड, मग निजामाबाद, २०१६ पासून कामारेड्डी. नातवंडे तिला 'नानम्मा' म्हणतात, ती त्यांना मराठीत रागावते आणि ती तेलुगूत रडतात. आत्या म्हणते, "मी बाप्पा त्याच चुलीपुढं बसलेली आहे. सरकारंच माझ्या दारावरून येतात न जातात."

अप्पा तिचे थोरले भाऊ. दर मे महिन्यात आंबे उतरले की अप्पांची काळी चोवीस इंची सायकल बाहेर निघायची. कॅरिअरवर आंब्यांची पाटी, हँडलला ताकाची बरणी, पाठीमागे भाड्याच्या सायकलवर मी. एसटीने का जात नाही, असे कुणी विचारले तर अप्पा म्हणत, "एसटीला सरहद्द असते. सायकलला नसते." खरे कारण असे की त्यांना बहिणीकडे काहीही नेता यायला हवे होते. आंबे, हरभऱ्याची डाळ, शिलाईची मशीन आणि आत्याने घर बांधले त्या वर्षी तर दाराची सागवानी चौकट. चौकट सायकलला उभी बांधून, स्वतः त्या चौकटीतून बाहेर बघत अप्पा देगलूरहून बिचकुंद्याला गेले होते. वाटेतल्या गावांना वाटले, कुणीतरी घर पुढे पाठवून दिले आहे आणि भिंती मागून येत आहेत.

उन्हात सायकल कशी चालवावी याचे अप्पांचे शास्त्र होते. पहाटे साडेचारला घर सोडायचे. डोक्याला ओला पंचा, वर कोरडी दस्ती. खिशात कांदा. कांद्याने ऊन लागत नाही ही त्यांची श्रद्धा. मला तो निदान भाकरीबरोबर उपयोगी पडे. तहान लागण्याआधी पाणी प्यायचे, ताकात मीठ सढळ हाताने घालायचे. आणि सर्वांत मोठा नियम असा की उघड्या माळावर थांबायचे नाही. थांबायचे ते झाडाखाली. "चालत्या सायकलला ऊन धरत नाही, उभ्या माणसाला धरतं."

पुढे शाळेत विज्ञान शिकवताना मला कळले, की यात कांदा सोडून बाकी सगळे खरे होते. माणसाची कातडी साधारण ३५ अंशांची. हवा ४२ अंशांची झाली की वारा आपल्याला गार करत नाही, उलट तापवतो. गार करतो तो फक्त वाळणारा घाम. आमच्याकडची मे महिन्यातली हवा कोरडी, सायकलमुळे वारा आयता; त्यामुळे घाम दिसायच्या आत वाळतो आणि माणूस तगतो. थांबला की वारा बंद, आणि खालून डांबर वाफाळते. वाळलेल्या घामाचे मीठ शर्टाच्या पाठीवर राही. दहा वाजेपर्यंत अप्पांच्या पाठीवर एक पांढरा नकाशा उमटलेला असे. मी मागून तो बघत बघत पायडल मारी. त्यात डोंगर असत, नद्या असत; महाराष्ट्र-आंध्रची सरहद्द तेवढी कधी सापडली नाही.

वाटेत कुठल्याही दारात उभे राहिले की पाणी मिळे. देगलूरच्या पोराला तहान चार भाषांत लागते. पाणी, नीळ्ळु, नीरु, आणि यांतले काहीच चालले नाही तर दखनीतले 'थोडा पानी देव'. पण खरे सांगायचे तर भाषेची गरजच पडत नसे. ओंजळ पुढे केली की बाई आत वळायची ती तांब्या घेऊनच यायची. बिचकुंद्याला पोचलो की आत्या आधी गुळाचा खडा हातावर ठेवी, मग पाणी देई, मग डोळ्याला पदर लावी आणि मग रागवे. "काहून रे दादा उन्हाचं आलास? पोराला बी आणलास!" दर वर्षी याच क्रमाने. एखादे वर्षी रागावणे आधी आले असते तर आम्हालाच चुकल्यासारखे वाटले असते.

इतकी परदेशवारी झालेल्या माणसाला २०१९ साली मुलाने हॉलंडला बोलावले. मी नुकताच निवृत्त झालो होतो. मुलगा टिलबर्ग नावाच्या गावी नोकरीला. फोनवर म्हणाला, "बाबा, जुलैत या. हवा मस्त असते. तुम्हाला सायकल चालवायला मजा येईल."

सायकलीच्या बाबतीत तो देश आमच्या मोंढ्याइतकाच गजबजलेला. माणसांपेक्षा तिथे सायकली जास्त आहेत. मंत्री सायकलवर, नवरी सायकलवर, कुत्रे सायकलच्या टोपलीत. मला जी सायकल मिळाली तिला हाताचे ब्रेकच नव्हते. पायडल उलटे मारले की ती थांबे. आता आमच्याकडे उलटे पायडल मारणे ही कला आहे. उतारावर पाय उलटे फिरवत फ्रीव्हीलचा टर्रर्र आवाज काढत जाणे म्हणजे गाणे गुणगुणण्यासारखेच. त्या डच सायकलला हे संगीत ठाऊक नव्हते. मी गुणगुणायला लागलो की ती जागच्या जागी उभी राहून 'काय झालं?' म्हणून विचारायची. दोन दिवस अंगणात आमचा परिचय झाल्यावर ती गाण्याशिवाय चालायला लागली.

तिथे पोचून आठवडा झाला आणि मुलगा काळजीच्या सुरात म्हणाला, "बाबा, हीटवेव्ह येतेय." मी विचारले, हीटवेव्ह म्हणजे किती? त्याने तिथल्या हवामान खात्याची व्याख्या सांगितली. सलग पाच दिवस २५ अंश किंवा वर, आणि त्यातले तीन दिवस ३० किंवा वर. मी दोनदा ऐकून घेतले. या हिशेबाने देगलूरला उष्णतेची लाट साधारण फेब्रुवारीत येते आणि पावसाळ्यापर्यंत तिथेच मुक्काम करते. आपल्याकडे मैदानी प्रदेशात पारा निदान ४० ला पोचल्याशिवाय हवामान खाते लाटेचा विचारही करत नाही.

पण त्या वर्षी लाट खरोखरीची होती, हेही सांगितले पाहिजे. त्या देशाचा ३८.६ अंशांचा विक्रम १९४४ पासून अबाधित होता. तो २४ जुलैला मोडला, आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी २५ जुलैला, टिलबर्गच्या शेजारच्याच खिल्झे-रायेनला ४०.७ अंश नोंदले गेले. देशाच्या इतिहासात पारा पहिल्यांदाच चाळिशीपलीकडे गेला. आम्सटरडॅमला उघडझाप करणारे लोखंडी पूल फुगून अडकू नयेत म्हणून त्यांच्यावर पाणी मारत होते. काही ठिकाणी हिवाळ्यात बर्फावर मीठ टाकणाऱ्या गाड्या डांबर वितळू नये म्हणून उन्हात मीठ टाकत फिरत होत्या. म्हणजे रस्त्याला मीठ-ताक पाजण्याचाच प्रकार. अप्पांना सांगितले तेव्हा ते फोनवर म्हणाले, "शहाणे लोक आहेत." घरे सगळी ऊब आत धरून ठेवणारी, छताला पंखा नाही. मुलगा पंखा आणायला गेला तो हात हलवत परत आला. गावातले पंखे संपले होते. लोक लालबुंद होऊन सावली शोधत होते. मला मात्र सासरी गेलेल्या मुलीला माहेरचे माणूस भेटावे तसे झाले.

मी म्हटले, "उद्या सायकलवर कुठंतरी लांब जाऊ."

मुलाने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग तो इतिहासात शिरला. १९६७ साली टॉम सिम्प्सन नावाचा नामांकित सायकलपटू तूर द फ्रान्समध्ये भर उन्हात डोंगर चढताना कोसळून गेला, म्हणाला. मी म्हटले, तो उत्तेजक औषध घेऊन डोंगर चढत होता, मी दोसा खाऊन सपाटीवर जाणार. शिवाय इतिहास मलाही येतो. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांतल्या तिघांनी, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा यांनी, ती १९२८ साली पुरी केली. बगदादकडून अलेप्पोपर्यंतचे वाळवंट त्यांनी पायडल मारत ओलांडले. त्यांच्या वाटेवर दर कोसाला कॉफीचे दुकान नव्हते. मुलगा गप्प झाला. माझ्या युक्तिवादापेक्षा, मी पहाटे चारला उठून आंघोळ करून बसलो याचा परिणाम जास्त झाला असावा.

आम्ही निघालो ते बार्ले नावाच्या गावाकडे. टिलबर्गहून बेल्जियमकडे पूर्वी एक रेल्वे जात असे. ती बंद झाली आणि तिच्या जागेवर सायकलींचा सुरेख रस्ता केला. आमच्या गावाला रेल्वे अजून यायची आहे आणि इथे ती येऊन, राहून, सायकलला जागा करून देऊन गेलीसुद्धा! दोन्हीकडे झाडे, सरळ वाट, खडा नाही, चढ नाही. माझ्या डोक्याला ओला पंचा पाहून समोरून येणारी माणसे हसून हात करीत. विसेक किलोमीटर गेलो तोवर ऊन कोवळेच होते.

बार्ले हे गाव बघून मात्र मी सायकलवरून उतरलो. हे हॉलंडच्या पोटात असलेले बेल्जियमचे तुकड्या-तुकड्यांचे गाव. एक-दोन नव्हे, बेल्जियमचे बावीस तुकडे, आणि त्यांतल्या काहींच्या पोटात पुन्हा हॉलंडचे तुकडे. जुन्या सरदारांनी कधीतरी जमिनी वाटून घेतल्या त्याचा हा गुंता. फरशीवर पांढऱ्या फुल्यांची रेघ काढलेली. ती रस्त्यातून जाते, दुकानातून जाते, घरातून जाते. एका बाजूला 'एनएल', दुसऱ्या बाजूला 'बी'. पहारा नाही, नाका नाही. माझा पासपोर्ट खिशात उगाच घामाने भिजत होता. "मग रेघ घरातून गेली तर ते घर कुणाचं?" मी विचारले. मुलगा म्हणाला, "पुढचं दार ज्या देशात, घर त्या देशाचं. काही लोकांनी म्हणे सोयीप्रमाणे दारच हलवलं."

मला बिचकुंदा आठवले, हे सांगायला नको.

दहाच्या सुमारास ऊन चढले आणि पंचा वाळून कडक झाला. एक आजीबाई घरापुढे रबरी नळीने झाडांना पाणी घालत होत्या. मला डच येत नाही. मी सवयीने ओंजळ पुढे केली. बाईंनी क्षणभर पाहिले, हसल्या आणि नळी माझ्या ओंजळीवर धरली. मी प्यालो, तोंड धुतले, पंचा भिजवून घेतला. मग खाली पाहिले, तर फुल्यांची रेघ आमच्या दोघांच्या मधून गेलेली. पाणी बेल्जियमचे होते आणि ओंजळ हॉलंडमध्ये. मुलाने फोटो काढला. त्यात रेघ स्पष्ट दिसते, पण पाणी तिच्यावरून गेल्याने मधल्या दोन फुल्या पुसट झाल्या आहेत.

पुढच्या वर्षी मात्र जगातल्या सगळ्या रेघा एकदम ठळक झाल्या. २०२० चा लॉकडाउन. त्याच बार्लेत एका दुकानाचा बेल्जियममधला अर्धा भाग बंद आणि हॉलंडमधला अर्धा उघडा असे चित्र मुलाने पाठवले. मी ते गावात सगळ्यांना हसत हसत दाखवले. मे महिन्यात अप्पा गेले. वयाने गेले, झोपेत गेले. आंबे उतरवून माडीवर पिकत घातले होते. राज्यांच्या सीमा बंद होत्या. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. अप्पांनी ते आयुष्यभर पायांनी मोजलेले. आत्याला तेवढे येता आले नाही. आतेभावाने सांगितले, की ती दहा दिवस उंबऱ्यावर बसून होती. आत चल म्हटले तर म्हणे, "दादा उन्हाचा यायलालाय, कुणीतरी दारात पाहिजे."

रस्ते मोकळे झाले तेव्हा ऑक्टोबर होता. पावसाळ्यानंतरचे ते ऊन मे महिन्यापेक्षा चिकट. घाम वाळतच नाही. मी अप्पांची चोवीस इंची काढली, ट्यूब-टायर नवे घातले आणि पहाटे निघालो. सोबत काय न्यावे सुचेना, म्हणून पाटी रिकामीच बांधली. नाक्यावर कुणी विचारले नाही. मदनूरच्या अलीकडे एका दारात पाणी प्यालो. त्या घरातल्या बाईने कुठली भाषा वापरली ते आता आठवत नाही.

आत्या उंबऱ्यावरच होती. त्या दिवशी ती रागावली नाही. बराच वेळ दोघेही काही बोललो नाही. मग काहीतरी बोलायचे म्हणून मी तिला बार्लेची हकीकत सांगितली. पांढऱ्या फुल्या, बेल्जियमचे पाणी, अर्धे उघडे दुकान, आणि पुढचे दार ज्या देशात, घर त्या देशाचे हा कायदा. तो ऐकताना ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"पुढचंच दार धरतात?"

"पुढचंच."

तिने मागे हात नेऊन चौकटीवरून फिरवला. सागवानाला पन्नास वर्षांचा हात लागून ते गुळगुळीत झाले होते. दार उत्तरेकडे, देगलूरच्या अंगाला उघडते, हे मी लहानपणापासून पाहत होतो. पण कधी मनात आले नव्हते.

"ही चौकट दादानं देगलूरहून आणली, सायकलवर," आत्या म्हणाली. "मिस्त्री म्हणला, कुणीकडं बसवू? दादा म्हणला, आमच्याकडं." मग ती उठली, माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि आत पाणी आणायला गेली. जाताना म्हणाली, "उन्हाचं काहून आलास रे?"